तिसऱ्या क्रमांकाची मते

संगमनेर ज्यात मोडते त्या शिर्डी राखीव मतदारसंघातून २०२४ मध्ये उत्कर्षा रुपवते वंचित बहुजन आघाडीतर्फे पहिल्यांदाच लोकसभेला उभ्या राहिल्या. अशा उमेदवारीवर महाविकास आघाडीची मते फोडल्याचा आक्षेप हमखास येतो. पण निकाल पाहा: तिसऱ्या क्रमांकावरच्या रुपवतेंना सुमारे ९० हजार मते पडली, तरी महाविकास आघाडीचे भाऊसाहेब वाकचौरे ५० हजारांवर मताधिक्याने निवडून आले. घराण्याचा आक्षेप अधिक वजनदार. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब रुपवते यांची नात असणे हे भांडवलच आहे. मात्र ऐन निवडणुकीत काँग्रेस सोडणाऱ्या उमेदवाराला साखर कारखाने आणि सहकारी सोसायट्यांचे जाळे कुणी आंदण देत नाही. राखीव जागेवरचा उमेदवारही बहुधा प्रस्थापित पक्षच ठरवतात. त्यांची पसंती नाकारणारे हे ९० हजार मतदार मला फार मोलाचे वाटतात.