संत्र्याचा रंग बोलतो, चव नाही

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की एक तक्रार हमखास ऐकू येते. वरून केशरी दिसणारे फळ आतून आंबटढाण निघते, एखादी फोड कडवट लागते, तर एखाद्या फळाला चक्क दारूसारखा वास येतो. 'इंजेक्शन दिले असेल' हा निष्कर्षही लगेच निघतो. काटोल, नरखेड, वरूड या संत्रापट्ट्यातील बागायतदारांना दर हंगामात या संशयाला तोंड द्यावे लागते. पण या तिन्ही चवींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील एकही इंजेक्शनात नाही.

आधी आंबटपणा. आंबा किंवा केळे तोडल्यानंतरही पिकते, त्यातील स्टार्चची साखर होते. संत्र्यात असा साठा नसतो. झाडावर जेवढी गोडी भरली, जवळपास तेवढीच मिळते. सालीचा हिरवा रंग जाऊन केशरी यायला मात्र थंड रात्री लागतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला विदर्भातील रात्री उबदारच असतात. त्यामुळे आतून तयार फळही हिरवट दिसते आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही. मग इथिलीन वायूच्या खोलीत ठेवून सालीला रंग आणला जातो. या वायूच्या वापराला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 100 पीपीएमच्या मर्यादेत परवानगी दिली आहे. मात्र इथिलीन साल रंगवते, रस गोड करत नाही. कच्ची तोड केलेले फळ केशरी झाले तरी आंबटच राहते.

दारूसारख्या वासाचे कारण आणखी वेगळे. तोडलेले फळही श्वास घेते. चमक यावी आणि सुकू नये म्हणून त्यावर मेणाचे कोटिंग करतात. खाद्य मेणाला कायद्याने परवानगी आहे, पण लेबलवर तसे लिहावे लागते. थर जाड बसला आणि पेटी उष्ण जागी राहिली, तर आत ऑक्सिजन कमी पडतो. मग फळात इथेनॉल आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतात. पातळ, सैल सालीच्या संत्र्यात हा दोष लवकर दिसतो.

कडवटपणा बहुधा रसात जाणवतो. बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात असलेला एक घटक मुळात कडू नसतो. फळ पिळल्यावर रसातील आम्लामुळे काही तासांत त्याचे लिमोनिन होते आणि ते कडू असते. म्हणून सकाळी काढलेला गोड रस संध्याकाळी कडू लागतो. रस बिया न चिरडता काढावा आणि लगेच प्यावा.

खरा धोका दुसरीकडे आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास 2011 च्या नियमांनुसार बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. आंबा वा केळ्याला लसणासारखा वास आला, तर ते घेऊ नये. संत्र्याला बुरशीचा कुबट वास असेल, तर ते फळ फेकून द्यावे. नुसते आंबट फळ मात्र विषारी नसते.

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव टिकते ते चवीवर. तरीही बाजारात भाव ठरतो रंग, आकार आणि चमक पाहून. साखर आणि आम्ल यांचे प्रमाण मोजायला छोटी उपकरणे व साध्या चाचण्या पुरतात, पण लिलावात त्यांना स्थान नाही. त्यामुळे फळ झाडावर आणखी दोन आठवडे ठेवणाऱ्या बागायतदाराला त्याचा वेगळा मोबदला मिळत नाही, उलट गळतीची जोखीम वाढते. ग्राहक हिरवट पण हाताला जड लागणारे संत्रे उचलू लागला आणि बाजार समित्यांनी गोडी मोजून प्रतवारी केली, तर घाईची तोड थांबण्यास कारण मिळेल. तोवर चकचकीत सालीखाली काय आहे, हे फोड तोंडात टाकल्यावरच कळणार.