बाळाच्या आईला दाराबाहेर बसवू नका

अपुऱ्या दिवसांचं बाळ झालं की ते पेटीत जातं आणि आई दाराबाहेर बसते. आतून हाक आली की दूध काढून द्यायचं, पुन्हा बाहेर. ही रीत मोडायलाच हवी. तिच्यापायी वाचू शकणारी बाळं दगावतात.

१९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका प्रसूतिगृहात पेट्या पुरत नव्हत्या. एकेका पेटीत दोन-दोन बाळं, वर जंतुसंसर्ग. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला लावली. तेव्हापासून ‘कांगारू मदर केअर’ नावाचा हा उपाय गरिबांचा समजला गेला. तसा तो नाही. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. तब्येत स्थिरावेपर्यंत पेटीत ठेवलेल्या बाळांपैकी शंभरात जवळपास १६ बाळं पहिल्या २८ दिवसांत गेली. जन्मल्याबरोबर छातीशी घेतलेल्यांत १२. मुख्य फरक हा, की आई जन्मापासूनच बाळाजवळ होती. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते : जन्मापासूनच, दिवसाचे ८ ते २४ तास.

करायचं काय? बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. छातीवर उभं, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून कापड घट्ट बांधायचं. आईच्या अंगाची ऊब बाळाला पुरते, श्वास सुधारतो, दूधही लवकर उतरतं. ऑक्सिजन चालू असलेलं बाळसुद्धा परिचारिकांच्या देखरेखीखाली असं राहू शकतं. अगदी अत्यवस्थ बाळाचं मात्र डॉक्टरच ठरवतील.

बाबांनो, सोयर आहे म्हणून लांब उभे राहू नका. सिझेरियन झालेली बायको उठेपर्यंत शर्टाची बटणं काढा आणि तुम्ही बाळ छातीशी घ्या. आज्यांनो, सुनेला घरकामातून सोडवा. तुमची छातीही तितकीच उबदार आहे. डॉक्टरांनो, नवजात कक्षात आईसाठी खाट टाका, निदान एक आरामखुर्ची तरी. जिल्हा परिषदेच्या सदस्यांनो, नव्या यंत्राची फीत कापाल तेव्हा या खाटांचेही पैसे मंजूर करा. आशाताई, घरी गेलेल्या प्रत्येक लहानग्यासाठी तुमचा शब्द मोलाचा आहे, आग्रह सोडू नका.

आणि ज्यांचं बाळ आज पेटीत आहे त्यांनी लाजू नका, घाबरू नका. आत्ताच आत जा आणि विचारा : बाळाला छातीशी कधी देता? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.