विश्लेषण : समुद्रातील संकटात उपयोगी लाइफराफ्ट कशी निवडतात?

तौक्ते चक्रीवादळात १७ मे २०२१ रोजी बॉम्बे हाय परिसरात ‘पी-३०५’ ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ जण होते, त्यातील १८६ वाचले. बार्जवर लाइफराफ्ट होत्या. पण त्यातील बऱ्याच पंक्चर निघाल्याचे वाचलेल्या काही कर्मचाऱ्यांनी तेव्हा सांगितले होते. राफ्ट असणे आणि ती ऐन वेळी फुगणे यात किती अंतर असते, हे त्यातून दिसले.

ती फुगते कशी?

घडी घातलेली राफ्ट डेकवर फायबरच्या बंद डब्यात असते. डबा समुद्रात टाकून, जहाजाला बांधलेली त्याची दोरी पूर्ण ओढून हिसका दिला की आतील सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सुटतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार साधारण १८ ते २० अंश तापमानात राफ्ट एका मिनिटात फुगली पाहिजे. डबा सोडायला कोणाला वेळच मिळाला नाही, तर जहाजाबरोबर चार मीटर खोलीपर्यंत जाण्याआधी पाण्याच्या दाबावर चालणारा खटका तो मोकळा करतो. मात्र दोरी चुकीच्या जागी बांधलेली असेल तर राफ्टही जहाजासोबत तळाला जाते. बसवतानाची ही चूक डोळ्यांना दिसत नाही.

निवडताना काय पाहावे?

व्यापारी जहाजांना ‘सोलास’ करारातील निकष लागू होतात. हवेचे दोन स्वतंत्र कप्पे, आपोआप उभे राहणारे छत आणि खवळलेल्या समुद्रात ३० दिवस टिकण्याची क्षमता हे त्यातील मुख्य. खासगी नौकांसाठी ‘आयएसओ ९६५०’ हे मानक आहे; त्यात खोल समुद्र आणि किनाऱ्याजवळचा प्रवास असे वेगळे प्रकार आहेत. स्वस्त म्हणून दुसऱ्या प्रकारातील राफ्ट घेऊन शेकडो मैल जाणे हा शुद्ध जुगार.

आकाराचा हिशेब मात्र उलटा वाटेल असा. चौघांसाठी बारा जणांची राफ्ट अधिक सुरक्षित नसते. वजन कमी पडले की वारा ती सहज उलटवतो. म्हणून माणसे मोजून क्षमता ठरवावी आणि तळाला पाणी भरणाऱ्या पिशव्या किती मोठ्या आहेत ते पाहावे. थंड समुद्रात दुहेरी तळ लागतो. अरबी समुद्रात उन्हापासून वाचवणारे छत आणि पिण्याचे पाणी अधिक मोलाचे. सोलासच्या ‘ए’ पॅकमध्ये माणशी दीड लिटर पाणी आणि खाद्य असते, ‘बी’ पॅकमध्ये दोन्ही नसते. हा फरक बाहेरून कळत नाही, विचारावाच लागतो.

किमतीपेक्षा देखभाल महत्त्वाची का?

राफ्ट साधारण दर १२ महिन्यांनी मान्यताप्राप्त केंद्रात उघडून, फुगवून तपासावी लागते. सिलिंडरचे वजन, जोडांची गळती, मशालींची मुदत सारे तेव्हाच कळते. पुष्कळदा वापरात येणारा पाण्याच्या दाबाचा खटका दोन वर्षांनी बदलावा लागतो. त्यामुळे जवळच्या बंदरात सेवा केंद्र नसलेल्या कंपनीची राफ्ट सवलतीत मिळाली तरी महागच पडते.

राफ्टमध्ये केव्हा उतरावे?

१९७९च्या फास्टनेट शर्यतीतील वादळात २४ नौका खलाशांनी सोडल्या. त्यातील बुडाल्या पाच. उरलेल्या तरंगत राहिल्या आणि राफ्टमध्ये गेलेल्यांपैकी काही दगावले. तेव्हापासून नौकानयन प्रशिक्षणात हेच शिकवले जाते, की नौका खरोखर बुडत असेल तरच, जमल्यास पाण्यात न पडता, थेट राफ्टमध्ये पाऊल टाकावे.