गोल टेबल आणि मामाची मतं

परदेशात राहून आलेल्या माणसाकडे दोन गोष्टी हमखास असतात. एक चाक मोडलेली मोठी बॅग आणि तिथल्या जेवणाबद्दल ठाम मतं. माझा मामा २०१३ ते २०२२ अशी नऊ वर्षं शांघायमध्ये होता. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला तिकडच्या प्लँटवर पाठवलं होतं. आता तो पुण्यात असतो. आमच्याकडे जेवायला आला की वरणभाताच्या पहिल्याच घासाला सुरू होतो, "तिकडे बाहेर जेवायला जायचं म्हणजे शिक्षा गं बाई!"

मग एकेक मुद्दे येतात. हॉटेलात नुसता आरडाओरडा. पाणी मागितलं की गरम. मटणात हाडं, माशात काटे, आणि ती हाडं टेबलावरच काढून ठेवायची. भात सगळ्यात शेवटी. सगळे एकाच ताटलीत काड्या घालणार, म्हणजे सगळंच उष्टं. शिवाय भाजीत साखर! (हे पुण्याचा माणूस म्हणतोय, ज्याच्या आमटीत गूळ नसेल तर तो नाक मुरडतो. असो.) आणि तेल कसलं वापरतात देव जाणे.

मामाचे तिथले मित्र, म्हणजे एक नागपूरचे काका, एक जर्मन आणि एक ब्राझीलचा, यांची मतंही जवळजवळ हीच होती म्हणे. तीन खंडांतली माणसं एकाच मतावर आली की ते मत खरं असणार असं आपल्याला वाटतं. मला मात्र शंका येते. ती मी मामासमोरच बोलून दाखवलीय, त्यामुळे हा लेख म्हणजे चुगली नाही. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या भरवशावर!)

माझं म्हणणं एवढंच आहे की शांघायमधलं जेवण एका माणसासाठी केलेलंच नसतं, आणि मामा नऊ वर्षं तिथे एकटा जेवला.

एकटा म्हणजे कसा? दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये, तेही बाहेरून आलेल्या साहेबलोकांच्या टेबलावर. शनिवारी होंगमेई रस्त्यावरच्या 'लाओवाई च्ये' या गल्लीत. लाओवाई म्हणजे परदेशी माणूस, तेव्हा नावातच सगळं आलं. तिथे पिझ्झा, कबाब, बिअर, इंडियन हॉटेल, सगळं मिळायचं. आणि कधीतरी कंटाळा आला की खऱ्या चिनी हॉटेलात जाऊन मेनूतल्या फोटोवर बोट ठेवायचं आणि एक डिश मागवायची.

घोळ इथेच आहे. तिथे चारचौघं जेवायला बसली की आधी थंड पदार्थ येतात. काकडी, भिजवलेले शेंगदाणे, मुरवलेले मासे वगैरे. मग गरम डिशेस एकामागून एक. पालेभाजी, टोफू, एखादं मांस, एक अख्खा मासा. मग सूप. भात किंवा नूडल्स शेवटी, तेही पोटात जागा राहिली असेल तर. पाहुण्याने भातावर पोट भरलं तर यजमानालाच कमीपणा वाटतो. दहा माणसं असतील तर दहा-बारा डिशेस. आंबट, खारट, गोड, कुरकुरीत, बुळबुळीत सगळं एकमेकांच्या जोडीने खायचं. यातली एकच डिश उचलून एकट्याने संपवायची म्हणजे काय होईल? समजा एखादा चिनी पाहुणा आपल्या खानावळीत आला, फोटोवर बोट ठेवून त्याने वाटीभर ठेचा मागवला, तो चमच्याने खाल्ला आणि घरी जाऊन सांगितलं की महाराष्ट्रात जेवण फार तिखट आणि फार थोडं असतं, तर आपण त्याला काय म्हणू?

शांघायची खासियत असलेलं 'होंगशाओ रोऊ' घ्या. डुकराचं चरबीवालं मांस सोया सॉस, साखर आणि तांदळाच्या वाइनमध्ये शिजवतात. मामाने त्याची अख्खी ताटली एकट्याने खाल्ली आणि रात्रभर त्याला मळमळलं. ती दोन-दोन तुकडे खायची गोष्ट आहे!

आता 'उष्टं'कडे येते, कारण घरातले सगळे इथे मामाच्या बाजूने उभे राहतात. प्रत्येकाच्या तोंडात गेलेल्या काड्या मधल्या ताटलीत जातात हे ऐकूनच आजीने "शिव शिव" म्हटलं होतं. पण मित्रांनो, या प्रश्नावर डोकं चालवणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी चीनमध्येच होऊन गेला. डॉ. वू लिएन-तेह. जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचं. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुफ्फुसांचा प्लेग आला तेव्हा कापूस आणि गॉजचा मास्क लोकांच्या तोंडावर बांधायला लावणारे हेच. १९३० च्या दशकात ते शांघायमध्ये क्वारंटाइन खात्याचे प्रमुख होते. एका ताटलीत सगळ्यांच्या काड्या गेल्या की क्षयासारखे रोग पसरतात हे त्यांना दिसत होतं. पण प्रत्येकाला वेगळं ताट वाढा म्हटलं तर जेवणाचा जीवच जातो हेही त्यांना कळत होतं. म्हणून १९१५ च्या सुमारास त्यांनी एक फिरता तबकडा सुचवला. मधोमध तो ठेवायचा, प्रत्येक डिशला वेगळा वाढायचा चमचा किंवा काड्या, आणि आपल्यासमोर आलं की वाढून घ्यायचं. आज चिनी हॉटेलातल्या गोल टेबलावर जी काचेची फिरती चकती दिसते, तिच्यामागे हा विचार आहे. तेव्हा आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी, एक बेअरिंग आणि एक डिस्क एवढ्यात पंगत पण टिकली आणि उष्ट्याची पण सोय झाली! चमचे वापरायचा लोक आळस करतात ही गोष्ट वेगळी. २०२० मध्ये करोनानंतर वाढायच्या वेगळ्या काड्या वापरा म्हणून शांघायमध्ये पुन्हा मोहीम काढावी लागली.

ते गोल टेबल मी एकदाच पाहिलंय. २०१६ च्या मे महिन्यात, पाचवी संपल्यावर, आई आणि मी मामाकडे गेलो होतो तेव्हा. प्लँटमधल्या लोकांनी आम्हाला जेवायला नेलं. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर फिटरला सगळे 'शीफू' म्हणायचे, म्हणजे उस्ताद. मासा आला तसा शीफूंनी चकती फिरवून त्याचं डोकं माझ्या आईकडे केलं. ती पाहुणी ना! मग माशाच्या गालाचा छोटासा तुकडा काढून माझ्या वाटीत टाकला. मी खाल्ला की दुसरं काहीतरी. नको म्हटलं की आणखी. मला भाषा येत नव्हती पण हे मला अगदी ओळखीचं होतं. आमच्या गावाकडे लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरणारे आप्पा हेच करतात. शेवटी बिलावरून दोन मोठी माणसं एकमेकांचे हात धरून काउंटरपाशी भांडत होती. मला वाटलं मारामारी होणार, आणि आई हसत होती, कारण माहेरच्या हॉटेलातही तिने हेच पाहिलेलं. आरडाओरडा होता का? भरपूर. त्याला ते 'रनाव' म्हणतात, म्हणजे गजबज, आणि ज्या हॉटेलात ती नाही तिथे ते जातच नाहीत.

मामा त्या टेबलावर होता. पण पाहुण्यांसाठी आलेला. त्यानंतर स्वतःहून तो शीफूंबरोबर कधी जेवला का, असं विचारलं तर म्हणतो, "अगं, ज्युनियर लोक ते. बरं दिसत नाही." यावर मी काय बोलू?

मामीची गोष्ट उलटी. मामी शाकाहारी, म्हणजे खरं तर हाल तिचे व्हायला हवेत. झालेही. फरसबीची सुकी भाजी मागवावी तर त्यात खिमा. टोफू मागवावा तर त्यावर खिमा. तिथे भाजीत चवीपुरतं मांस टाकलं तर त्याला कुणी मांस धरत नाही. पण मामी दिवसभर घरी असायची, बिल्डिंगमधल्या आज्या तिच्या मैत्रिणी झाल्या. 'वो छ सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं. त्यांनीच तिला नानचिंग रस्त्यावरच्या 'कुंगदलिन'मध्ये नेलं. १९२२ पासूनचं शाकाहारी हॉटेल, बौद्ध लोकांसाठी सुरू झालेलं. टोफूच्या सायीच्या घड्या घालून 'बदक' करतात, आणि ते इतकं बदकासारखं दिसतं की मामी पहिल्यांदा हात लावेना! सकाळी गल्लीतून गरम सोयाबीनचं दूध आणि तळलेली लांब 'योउत्याओ' आणायलाही ती त्यांच्याबरोबर जायची. मामा तेव्हा घरात कॉर्नफ्लेक्स खात असायचा. नऊ वर्षं तेच शहर, तेच घर. मामीला विचारा बाहेरचं जेवण कसं होतं, ती म्हणते, "कोणाबरोबर गेलो त्यावर आहे."

तेलाच्या मुद्द्यावर मात्र मामाला मोडीत काढता येणार नाही. २००८ मध्ये दुधात मेलामाइन निघालं, सहा बाळं गेली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. गटारातून काढलेलं तेल पुन्हा विकण्याची प्रकरणंही खरीच. पण याची सगळ्यात जास्त भीती चिनी आईबापांनाच होती. हाँगकाँगहून ते इतके डबे आणू लागले की मार्च २०१३ पासून तिथल्या सरकारने माणशी दोन डब्यांची मर्यादा घातली. आणि मामासारखी मंडळी सुरक्षित म्हणून कुठे खायची? परदेशी बर्गरच्या दुकानात. जुलै २०१४ मध्ये शांघायच्याच एका टीव्ही चॅनेलने दाखवलं की 'हुसी' नावाचा कारखाना मुदत संपलेलं मांस वापरतोय. त्याचे गिऱ्हाईक होते मॅकडोनाल्ड आणि केएफसी, आणि मालक होती अमेरिकन कंपनी. त्या आठवड्यात गल्लीतला योउत्याओवाला जास्त भरवशाचा होता म्हणायचा.

बाहेरच्यांचं मत नुसतं मत राहत नाही हेही शांघायने पाहिलंय. तिथे एका गल्लीत 'आ ता' नावाने ओळखले जाणारे एक गृहस्थ कांद्याच्या पातीचे पराठे करायचे. बीबीसीच्या कार्यक्रमात ते दिसले, जगभर नाव झालं, आणि २०१६ च्या शरद ऋतूत परवाना नाही म्हणून दुकानच बंद! लोकांनी ओरड केल्यावर दुसऱ्या जागी पुन्हा उघडलं. त्याच सप्टेंबरात मिशेलिनवाल्यांनी शांघायची पहिली यादी काढली होती. तीन स्टार मिळालेलं एकमेव हॉटेल होतं कँटोनीज पद्धतीचं, म्हणजे शांघायचं खाणंसुद्धा नव्हे.

आणखी एक मत आहे, जे मामा कधी बोलत नाही पण मी शांघायला गेले होते म्हटलं की दहापैकी आठजण बोलतात. "ते लोक काहीही खातात ना गं? साप, झुरळं?" अहो, शांघायच्या रोजच्या ताटात पालेभाजी, टोफू, मासे, पोर्क आणि वाफवलेले बाओ असतात. हा प्रश्न आपल्याच हॉस्टेलमध्ये मिझोरामच्या मुलींना दर वर्षी विचारला जातो, मेसमध्ये, सगळ्यांसमोर, हसत हसत. २०२० मध्ये ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या, त्याची सुरुवात असल्याच विनोदांतून होते. विचारणाऱ्यांपैकी कितीजणी त्यांच्या टेबलावर जाऊन बसल्यात? आपल्या मेसमध्ये मराठी टेबल, हिंदी टेबल, साउथ टेबल अशी वाटणी आहेच. प्लेसमेंट झालं की यातलेच काहीजण सुचौ नाहीतर स्टुटगार्टला जाणार, आणि सुट्टीत आले की मामासारखीच मतं सांगणार.

२०२२ चं मामा सहसा सांगत नाही. एप्रिल आणि मे दोन्ही महिने शांघाय बंद होतं, अडीच कोटी माणसं घरात. हॉटेलात बसून जेवायला परवानगी मिळाली ती थेट २९ जूनला. भाजी मिळायची ती बिल्डिंगने मिळून ऑर्डर दिली तरच. ऑर्डरचा सगळा कारभार चिनी भाषेतल्या ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर मामी होती, मामा नव्हता. आज्या तिच्या दाराशी कोबी ठेवून जायच्या, तिने मूगडाळ दिली, कोणीतरी कोकाकोला दिला. तेव्हा तिथे कोकाकोलाला चलनासारखा भाव होता. घरून निघताना शीफूंनी मामाला फोन केला होता, जेवायला या म्हणून. हॉटेलं तेव्हा नुकतीच उघडली होती. पॅकिंग होतं, तो गेला नाही. हे मला मामीने सांगितलं.

तर कोणी शांघायला जाणार असेल तर आधी नऊ माणसं गोळा करा, मग गोल टेबल मागा. ऑर्डर त्यांच्यातल्या वयस्कर माणसाला देऊ द्या. जास्त मागवलं असेल तर लाजू नका, डब्यात भरून मागा. २०२१ पासून तिथे अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदाच आहे. रसाचे मोमो, म्हणजे 'श्याओलोंगबाओ' आले तर अख्खा तोंडात कोंबू नका. आत डुकराच्या कातडीची जेली भरलेली असते, वाफेवर तिचं कढत सूप होतं. चमच्यात घ्यायचा, छोटं भोक पाडायचं, रस प्यायचा, मग खायचा. जीभ भाजली तर दोष थर्मोडायनॅमिक्सचा.

गरम पाण्याबद्दल मात्र मी शंभर टक्के मामाच्या बाजूने आहे. मे महिना, घामाघूम होऊन बसलोय, आणि समोर काय तर वाफाळता ग्लास!