फॉर्म भरला, पण गेला कुठे?

२१ मे २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी सुरू व्हायची होती. तोवर ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक अशा मोठ्या शहरांपुरती होती. त्या वर्षी ती पहिल्यांदाच राज्यभर लागू झाली. आमच्या पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावात मुले गुणपत्रिका घेऊन सरळ कॉलेजात जायची, त्यांच्यासाठी तर सगळेच नवे. आणि त्या दिवशी संकेतस्थळ उघडेना. शेवटी २६ मेपासून नोंदणी नव्याने सुरू करावी लागली. मधल्या दिवसांत घरोघरी बोलणी बसली ती मोबाइलला, नेटला आणि मोबाइल हातात धरून बसलेल्या मुलाला. दोष त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता.

लग्नाच्या दावतीत दस्तरखानावर बसलेल्याला भटारखाना दिसत नाही. ताट उशिरा आले तर तो वाढणाऱ्यावर चिडतो. संकेतस्थळाचेही तसेच आहे. आपल्या हातातले पान म्हणजे वाढप. नाव तपासणे, यादीत नोंद करणे, पावती देणे ही कामे दूरच्या एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर होतात. तिथे काय करायचे ते लिहून ठेवलेली आज्ञावली म्हणजे स्क्रिप्ट. ती लिहायच्या भाषांपैकी पीएचपी ही फार वापरातली. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी स्वतःच्या पानावर किती लोक येतात हे पाहण्यासाठी १९९४ मध्ये ती सुरू केली आणि १९९५ मध्ये सर्वांना खुली केली. आपल्याकडे बीसीए आणि डिप्लोमाच्या मुलांचे प्रोजेक्ट बऱ्याचदा हिच्यातच असतात.

पान उघडले नाही की बहुधा एक आकडा दिसतो. तो वाचा. चारने सुरू होणारा असेल तर घोळ साधारणपणे आपल्या मागणीत असतो: ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पानच नाही, ४०३ म्हणजे आत जायची परवानगी नाही. पाचने सुरू झाला तर घोळ भटारखान्यात. ५०० म्हणजे स्क्रिप्ट मध्येच अडखळली, ५०३ म्हणजे गर्दीमुळे किंवा दुरुस्तीसाठी दार तात्पुरते बंद, ५०४ म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपली. अशा वेळी मोबाइल बदलून काही होत नाही. पैसे भरताना ५०४ आला तर पुन्हा बटण दाबू नका; पैसे आणि अर्ज दोन्ही आत पोहोचलेले असू शकतात. आधी बँकेचा मेसेज आणि अर्जाची स्थिती पाहा. पडद्याचा फोटो वेळेसह जपून ठेवा, तक्रारीत तोच कामाला येतो.

आता प्रोजेक्टवाल्या मुलांकडे. त्यांची पहिली तक्रार म्हणजे पान पांढरेफटक दिसते, काहीच येत नाही. खरे तर सर्व्हरने चूक सांगितलेली असते, फक्त पडद्यावर दाखवलेली नसते. झॅम्पच्या फोल्डरमध्ये अपाचे, त्यात लॉग्ज, त्यात एररची फाइल. तिची शेवटची ओळ वाचायची. चूक बाराव्या ओळीवर आहे असे म्हटले असेल तर अकरावीही पाहा, कारण तिथे राहिलेला अर्धविराम संगणकाला पुढच्या ओळीवर गेल्यावर कळतो. फाइल अचानक संपली असे म्हणत असेल तर कुठेतरी महिरपी कंस उघडा राहिला आहे. आणि डेटाबेसला जोडणारी आज्ञाच ओळखू येत नाही असे म्हणत असेल तर तो पाठ बहुतेक जुन्या व्हिडिओवरून उतरवलेला आहे. ती जुनी पद्धत २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मध्ये काढून टाकली गेली. मुले तीन-तीन दिवस अडून बसतात, पण ती इंग्रजी ओळ वाचत नाहीत. मला याचेच जास्त वाईट वाटते.

यापुढची दुखणी मात्र आपल्या घरांना जास्त भेटतात. मसऊद, सअद अशी नावे रोमन लिपीत लिहिताना मध्ये वरचा स्वल्पविराम येतो. डेटाबेसला तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण वाटते आणि नोंद कोसळते. मग सांगितले जाते, 'नावातले ते चिन्ह काढा.' नाव का बदलायचे? एका कागदावर चिन्ह आहे, दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज अडू शकतो. दुरुस्ती स्क्रिप्टमध्येच हवी: आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवायचे. या पद्धतीला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. तिचा आणखी एक उपयोग असा की याच फटीतून आत शिरून माहिती चोरणाऱ्यांचा रस्ताही बंद होतो.

मराठी किंवा उर्दू मजकुराच्या जागी विचित्र अक्षरे दिसली तर घाबरू नका. बहुधा मजकूर शाबूत असतो, चष्मा चुकीचा असतो. पण नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर डेटाबेस उघडून पाहा. तिथेही प्रश्नचिन्हेच असली तर तो मजकूर गेला, पुन्हा टाइप करावा लागेल. म्हणून सुरुवातीलाच तक्ता आणि जोडणी दोन्ही 'यूटीएफ-८ एमबी४' वर ठेवा. अक्षरे मोजतानाही सांभाळा. 'पारोळा' आपल्याला तीन अक्षरी दिसतो. काना-मात्रा धरून त्याची सहा चिन्हे होतात आणि संगणकाच्या साठवणीत ती अठरा बाइट घेतात. उर्दूचे अक्षर दोन बाइटचे. साध्या मोजणीने नाव कापले तर ते अक्षराच्या मधोमध तुटते. एमबी अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा वापरा.

राहिली वेळ. मशिदीचे वेळापत्रक दाखवणारे पान हा मुलांचा आवडता प्रोजेक्ट. दिवसा तपासले की सगळे बरोबर दिसते. पण भाड्याचा सर्व्हर बऱ्याचदा जागतिक वेळेवर चालतो, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत तिथे कालचीच तारीख असते, आणि रमजानमध्ये सहरीला उठलेल्या माणसाला पान कालची ओळ दाखवते. झॅम्पमध्ये तर सुरुवातीला बर्लिनची वेळ लावलेली असते. स्क्रिप्टच्या वरच्या ओळीतच वेळेचा पट्टा 'एशिया/कोलकाता' असा लिहा, आणि पान एकदा पहाटे चार वाजता उघडून पाहा.