कापड करंट मारते, मजुरी मात्र कारागिराची कापली जाते

रमजानच्या ऐन सीझनमध्ये हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या शिलाई कारागिरांची एकच तक्रार कानावर येते. कापड करंट मारते, धागा अडकतो, टाका सुटतो. त्यावर व्यापाऱ्याचे उत्तरही ठरलेले असते, मशीन दाखवून घ्या. आम्ही स्वतः कापडाचे व्यापारी आहोत आणि हेच उत्तर आम्ही वर्षानुवर्षे देत आलो. ते अर्धेच खरे आहे, असे आमचे आजचे मत आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारागिराला आम्ही बुरख्यासाठी काळे पॉलिएस्टर दिले. ईदला आठ दिवस राहिले असताना त्याने बारा नग आणून टाकले. शिवणीला चुण्या, खालच्या बाजूला धाग्याचे जाळे, दोन ठिकाणी कापडाचे तार ओढलेले. आम्ही त्याच्या मजुरीतून पैसे कापले. तो काही बोलला नाही. पुढे मृगाचा पाऊस पडल्यावर त्याच थानातले उरलेले कापड त्याने त्याच मशीनवर, त्याच रिळाने शिवले आणि एकही टाका सुटला नाही. तेव्हा आमचे डोळे उघडले. पैसे परत केले, पण त्याच्या घरची ईद तर होऊन गेली होती.

ही अडचण अलीकडेच का वाढली, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे. 2016 साली ईद 7 जुलैला होती, म्हणजे सारी शिलाई पावसाळी, ओल्या हवेत झाली. 2025 साली ती 31 मार्चला आली. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे पुढची कित्येक वर्षे आपला मोठा सीझन हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडच्या कोरड्या हवेतच येणार. शिवाय पूर्वी गिऱ्हाईक सुती मागत असे, आता जॉर्जेट, सॅटिन आणि बुरख्याचे पॉलिएस्टर मागते. सुती कापड नेहमीच्या दमट हवेत आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. ओलावा नाही म्हणून घर्षणाने तयार झालेली वीज निघून जात नाही. ती कापडातच बसते. मग पातळ कापड मशीनच्या अंगाला चिकटते, हलका धागा हवेत उडतो आणि जिथे नको तिथे गुंडाळला जातो.

आपल्या विणकर बुजुर्गांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. खड्डीवर बसणारा पाय खड्ड्यात सोडून बसे आणि जमिनीच्या ओलाव्याने ताणा नरम राहत असे. कापड गिरण्यांतही सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम ओली ठेवत. आपण मात्र पत्र्याच्या तापलेल्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जॉर्जेट शिवतो आणि नशिबाला दोष देतो.

तरी प्रत्येक दोष करंटच्या नावावर घालू नये. पुष्कळ कारागीर तसे करतात, हेही सांगितले पाहिजे. कापड हाताच्या केसांना ओढत असेल, धागा बोटाला चिकटत असेल, तर करंट समजावा. पण कापडाचा तार त्याच जागी पुन्हा पुन्हा ओढला जात असेल, तर सुईचे टोक मोडलेले आहे किंवा दातांवरच्या प्लेटला ओरखडा आहे. सुई नायलॉनच्या जुन्या मोज्यात टोचून पाहा, टोक खराब असेल तर तार लगेच ओढला जातो. धागा तुटून टोकाला कडक गुठळी दिसली, तर सुई तापून धागा वितळला आहे. मोठ्या वेगाच्या मोटारीच्या मशीनवर हे होते. तिथे वेग कमी करावा, धाग्यावर सिलिकॉनचे तेल घ्यावे. जॉर्जेटला 14 किंवा 16 नंबरची सुई लावू नये, 9 किंवा 11 लावावी. बॉबिनच्या डबीतला भुसा रोज ब्रशने काढावा. रिळाच्या कडेची खाच धागा पकडते, म्हणून ती बाजू खाली ठेवावी.

करंटवर खरा इलाज ओलावा, तोही हवेला, कापडाला नव्हे. सॅटिनवर पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतो आणि नग आपल्याच गळ्यात पडतो. खिडकीला ओले पोते किंवा वाळ्याचा पडदा लावावा, कूलर असेल तर तो पाण्यासह चालवावा. पाणी मोटारीपासून आणि वायरीपासून लांब ठेवावे. अंगात सुती कपडे, बसायला लाकडी स्टूल असावे. कोनवर जाळी चढवली की धागा उडत नाही. फार पातळ कापडाखाली पातळ कागद ठेवून टीप मारावी, कागद नंतर फाडून काढता येतो. मशीनला अर्थिंग जरूर असावे, ते जिवासाठीच हवे, पण अर्थिंगने पॉलिएस्टरमधली वीज निघत नाही. ती लोखंडात असते तर निघाली असती.

आता व्यापाऱ्याचा वाटा. कापड आम्ही निवडतो, दरही आम्हीच ठरवतो. मग ते कसे शिवावे हे सांगणेही आमच्याकडे येते. पॉलिएस्टरचे थान देताना चिठ्ठीवर सुईचा नंबर आणि धाग्याची जात लिहावी. कापडाबरोबर स्वस्त, केसाळ धागा देऊ नये, चार पैसे वाचतात आणि अख्खा बुरखा जातो. नग बिघडून आला तर कापणीतली चिंधी त्याच मशीनवर नवी सुई लावून शिवून पाहावी, मगच मजुरीचा हिशोब करावा. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी आता 9 आणि 11 नंबरच्या सुयांची पाकिटे ठेवलेली असतात. काही शेजारी दुकानदार त्यावर हसतात. मुनीमजींनी मात्र गेल्या सीझनला बिघडलेल्या नगांची वही काढून दाखवली, तेव्हा तिची बरीच पाने कोरी होती.