मिस्त्रीला पुढचा रविवार द्या

आपल्या बडोद्यातील मराठी घरांत रविवार कसा जातो हे वेगळे सांगायला नको. आठवडाभर कुणी रिफायनरीत शिफ्ट करतो, कुणी बँकेत बसतो, कुणी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत असतो. शनिवारीही पुष्कळांना अर्धा दिवस कामावर जावेच लागते. मग रविवारी घराची यादी बाहेर निघते. गच्ची गळते आहे, मोरीची फरशी उखडली आहे, माळा आवरायचा आहे, रंगारी येतो म्हणाला आहे. मिस्त्री अकराला येतो, सामान आणायला बाराला बाहेर पडतो आणि दिवस संपतो. ही कामे खोटी नाहीत. घर आपले आहे, ते राखलेच पाहिजे. पण आम्हा काही पालकांचे एक मत पक्के झाले आहे. थंडीतला निदान एक शनिवार-रविवार या यादीतून बाजूला काढावा आणि मुलांना कच्छच्या छोट्या रणात न्यावे.

थंडीतलाच का, हे आधी सांगतो. छोटे रण पावसाळ्यात उथळ पाण्याखाली जाते. तिथले घुडखर अभयारण्य दरवर्षी 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असते. मार्च उजाडला की ऊन मुलांना सोसवत नाही. म्हणजे हाती राहतात एकोणीस-वीस रविवार. त्यातून दिवाळी, उत्तरायण, लग्ने आणि परीक्षा वजा केल्या की मोजके चार-पाचच उरतात. उलट गच्चीचे काम एप्रिल-मे महिन्यातच चांगले होते, कारण तेव्हा गच्ची कोरडी ठणठणीत असते. ज्या कामाला उन्हाळा चालतो त्याला थंडीतला रविवार कशाला द्यायचा?

अंतरही फार नाही. शनिवारी दुपारी निघून अहमदाबाद, विरमगाममार्गे गेले तर साधारण चार-साडेचार तासांत दसाडा, झैनाबाद किंवा बजाण्याला पोचता येते. रात्री मुक्काम करावा, वन खात्याचा परवाना घेऊन पहाटे रणात जावे, दुपारी जेवून परत फिरावे. सोमवारी शाळा आणि ऑफिस दोन्ही वेळेवर गाठता येतात.

रण म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. इथे वाळू नाही. इथे भेगाळलेली खारट माती आहे, मैलोगणती सपाट. हा भाग एके काळी समुद्राचा फाटा होता, तो गाळाने भरत आला. मध्ये मध्ये थोडे उंच भाग आहेत, त्यांना आजही ‘बेट’ म्हणतात, कारण पावसाळ्यात ती खरोखरच बेटे होतात. त्या बेटांवरच्या गवतावर घुडखर जगतात. 1960 च्या दशकात त्यांची संख्या काही शेकड्यांवर आली होती. 2024 च्या गणतीत ती 7,672 भरली. नामशेष होता होता सावरलेला प्राणी मुलांनी डोळ्यांनी पाहावा, हे आम्हाला भूगोलाच्या चार धड्यांच्या तोडीचे वाटते.

मात्र कसे पाहावे याबद्दल आमचा आग्रह आहे. सुट्टी थोडी म्हणून यादी मोठी, अशी आपली सवय. एकाच रविवारी रण, मोढेऱ्याचे सूर्यमंदिर, पाटणची राणीनी वाव आणि येताना बहुचराजीचे दर्शन! बहुचराजीचे मंदिर 1783 साली मानाजीराव गायकवाडांनी बांधले, तेव्हा बडोदेकरांना तिथे जावेसे वाटणे साहजिकच आहे. पण त्यासाठी दुसरा रविवार ठेवावा. धोरडोचे पांढरे रण आणि 2021 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले धोळावीरा ही तर दिवाळीच्या सुट्टीची ठिकाणे आहेत, दोन दिवसांत ती उरकू नयेत. घराची यादी सोडून निघालो आणि गाडीत बसून दुसरी यादी पुरी करत राहिलो, तर मुलांना काय मिळाले? तसेच, फोटोसाठी घुडखरांच्या कळपामागे जीप पळवायला चालकाला कुणी सांगू नये. वाट सोडून गाडी घातली की मातीचा पापुद्रा फुटतो आणि ते चाकोरे बराच काळ तसेच राहतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. रणात माणसेही आहेत. पावसाळा संपला की अगरिया कुटुंबे रणात उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच झोपडी घालून राहतात. विहीर खणून जमिनीखालचे खारे पाणी उपसायचे, ते वाफ्यांत सोडायचे आणि मीठ धरू लागले की लाकडी दंताळ्याने ते रोज ओढायचे, असे त्यांचे काम चालते. पूर्वी पंप डिझेलवर चालत आणि कमाईचा मोठा भाग त्यातच जाई. अलीकडे अनेकांकडे सौर पंप आले आहेत. पिण्याचे पाणी टँकरने येते. देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत होते, पण अगरियाच्या हाती किलोमागे रुपयासुद्धा पडत नाही.

या कुटुंबांत आपल्या मुलांच्या वयाची मुले आहेत. आईबाप रणात गेले की त्यांची गावची शाळा मागे राहते. त्यांच्यासाठी रणात तंबूत, अलीकडे जुन्या एसटी बसमध्येही वर्ग भरवले जातात, तरी सगळ्यांचे शिक्षण सलग होत नाही. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. हे आपण प्रत्येक समारंभात अभिमानाने सांगतो. तो अभिमान खरा असेल, तर आजही कुणाची शाळा मिठापायी तुटते हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. झोपडीजवळ जाताना आधी विचारावे, दहा मिनिटे बसावे, मीठ कसे धरते ते समजून घ्यावे. ते लोक म्हणजे देखावा नव्हे. न विचारता फोटो काढू नये आणि मुलांच्या हातात खाऊ कोंबून पुण्य मिळवल्यासारखे परत येऊ नये.

यावर काही पालक म्हणतात, ‘आठवडाभर राबून एक रविवार मिळतो, त्यात आठ-नऊ तासांचा प्रवास कोण करणार?’ ही अडचण आम्हाला मान्य आहे. खर्चाचाही प्रश्न आहे. म्हणून दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक मोठी गाडी करावी, गाडीचे आणि जीपचे भाडे वाटून घ्यावे, थेपले घरून न्यावेत. ज्यांच्या घरी दहावी-बारावी आहे त्यांनी यंदा थांबावे. आजी-आजोबांना जीपचे धक्के सोसत नसतील तर त्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी ऊन खात बसावे. एवढी तजवीज आपण लग्नाला जाताना करतोच.

विश्वस्त मंडळींना आमची दोन मागणी आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात महिन्यातला एक शनिवार शाळेने पूर्ण सुट्टीचा ठेवावा आणि त्याची तारीख सत्राच्या सुरुवातीलाच कळवावी, म्हणजे नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना रजा मागता येईल. दुसरे, सातवी-आठवीची वार्षिक सहल एकदा वॉटरपार्कऐवजी छोट्या रणात न्यावी. ज्या घरांना स्वतःहून जाणे परवडत नाही, त्यांच्या मुलांना तरी त्यामुळे रण दिसेल. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. वन खात्याचा परवाना, माहीतगार चालक आणि पुरेसे पाणी एवढे पाळले तर ती निभावता येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक काम आहे. बाबा रंगाचा डबा आणि आई माळ्याची शिडी काढायच्या आत कॅलेंडरवर एका रविवारी खूण करून ठेवा. त्या बदल्यात पुढच्या रविवारी माळा आवरायला स्वतः हात लावायचा, हेही त्याच दिवशी कबूल करा.